राखणीच्या कुत्र्याच्या छातीचा संसर्ग: निदान आणि उपचार

गोव्यातील काजूच्या बागायतीत, कुळागरात आणि डोंगराळ भागातील गवळी-धनगरांच्या वाड्यांवर पाळला जाणारा कुत्रा शोभेसाठी नसतो. रात्री रानडुकरांना हुसकावणे, दिवसा माकडांना केळी-नारळांपासून दूर ठेवणे, शेळ्यांच्या कळपाबरोबर चालणे आणि मांगराजवळ परका माणूस आला की वर्दी देणे ही त्याची रोजची कामे. तो बहुधा उघड्यावर झोपतो, घरचे उरलेसुरले खातो, पावसात भिजतो आणि अंगात ताप असला तरी अंधार पडताच उठून भुंकायला धावतो. त्याच्या छातीचा संसर्ग उशिरा लक्षात येण्याचे मुख्य कारण हेच आहे. घरात वावरणाऱ्या कुत्र्याने एक वेळचे जेवण टाळले तरी घरची माणसे विचारात पडतात. बागायतीतला कुत्रा दोन दिवस जेवला नाही तर त्याने रानात काही खाल्ले असेल असे गृहीत धरले जाते, आणि न्यूमोनियाच्या बाबतीत हे दोन दिवसच बहुतेकदा निर्णायक ठरतात.

‘छाती भरली’ या बोलण्यातल्या शब्दप्रयोगाखाली निरनिराळे आजार येतात. घसा आणि श्वासनलिका यांच्यापुरता मर्यादित दाह हा त्यांतील सर्वांत सौम्य. त्याखालच्या श्वासवाहिन्या सुजल्या की ब्राँकायटिस होतो, प्रत्यक्ष फुप्फुसाच्या वायुकोशांत दाह पोहोचला की न्यूमोनिया, आणि फुप्फुस व बरगड्या यांच्यामधल्या पोकळीत पू साठला तर तो सर्वांत गंभीर प्रकार. यातील विचित्र गोष्ट अशी, की पहिल्या प्रकारातला कुत्रा सर्वांत मोठ्याने खोकतो आणि बहुधा आठ-दहा दिवसांत आपोआप बरा होतो, तर शेवटच्या प्रकारातला कुत्रा कित्येकदा खोकतही नाही. आवाजावरून आजाराचे गांभीर्य ठरवणारा मालक त्यामुळे नेमका उलट्या बाजूने चुकतो.

श्वास मोजण्याची रीत

खोकल्यापेक्षा अधिक भरवशाची खूण म्हणजे विश्रांतीतला श्वास, आणि तो मोजायला घड्याळाखेरीज काही लागत नाही. निरोगी प्रौढ कुत्रा झोपेत किंवा सावलीत शांत पडलेला असताना मिनिटाला साधारण १५ ते ३० श्वास घेतो. छाती एकदा वर येऊन खाली गेली की एक श्वास. अर्धा मिनिट मोजून संख्येची दुप्पट करावी. धावून आलेल्या किंवा उन्हातून आलेल्या कुत्र्याचा श्वास मोजण्यात अर्थ नसतो. माणसाप्रमाणे सर्वांगाला घाम येत नसल्यामुळे कुत्रा जीभ बाहेर काढून धापा टाकतो आणि त्या वेळी हा आकडा दोनशेच्याही पुढे जाऊ शकतो. म्हणून कुत्रा पूर्ण निवल्यावर, शक्य तर पहाटे झोपेत असताना मोजणी करावी. झोपेतला श्वास सलग ३०च्या वर राहत असेल तर संशय घ्यावा, आणि विश्रांतीतही ४०च्या वर असेल तर त्याच दिवशी पशुवैद्यकाला दाखवावे.

संख्येइतकीच श्वासाची ढबही पाहावी. निरोगी कुत्र्याची छाती आणि पोट एकत्र हलतात. श्वास लागलेल्या कुत्र्याचे पोट प्रत्येक श्वासाला आत ओढले जाते, नाकपुड्या फुलतात, मान पुढे ताणली जाते आणि पुढचे कोपर छातीपासून बाहेर वळलेले दिसतात. तो कुशीवर आडवा होत नाही. बसून राहतो किंवा छातीवर टेकून पडतो. रात्रभर बसून असलेला कुत्रा राखण करीत आहे असा समज होणे स्वाभाविक असले, तरी प्रत्यक्षात त्याला आडवे होता येत नसण्याची शक्यता असते.

हिरड्यांचा रंग गुलाबी असावा. आपल्याकडच्या गावठी कुत्र्यांच्या हिरड्या पुष्कळदा जन्मतःच काळ्या असतात. अशा वेळी जीभ किंवा डोळ्याच्या खालच्या पापणीची आतली बाजू पाहावी. निळसर किंवा राखाडी छटा म्हणजे रक्तातील प्राणवायू धोकादायक पातळीपर्यंत उतरल्याची खूण. गुदद्वारात घालण्याच्या साध्या डिजिटल थर्मामीटरने मोजलेले तापमान १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असेल तर ते कुत्र्याच्या बाबतीत स्वाभाविक आहे. माणसाच्या हाताला कुत्र्याचे अंग नेहमीच गरम लागते, त्यामुळे केवळ हात लावून ताप ठरवता येत नाही. म्हाताऱ्या किंवा फार खंगलेल्या कुत्र्याला न्यूमोनिया असूनही ताप नसू शकतो. कोरडे नाक म्हणजे आजार आणि ओले नाक म्हणजे तब्येत ठणठणीत, ही गावोगावी चालणारी परीक्षा मात्र पूर्णपणे निरुपयोगी आहे.

संसर्ग येतो कुठून

पावसात भिजल्याने न्यूमोनिया होतो हा समज अर्धा खरा आहे. भिजलेल्या, थंडीने कुडकुडणाऱ्या कुत्र्याची प्रतिकारशक्ती घटते, पण संसर्गासाठी जंतू लागतोच. श्वासनलिकेच्या आतल्या बाजूस सूक्ष्म केसांचे अस्तर असते. ते सतत हलत राहून धूळ आणि जंतू घशाकडे ढकलत असते. हे अस्तर बिघडवणाऱ्या गोष्टी बागायतीत पुष्कळ असतात. काजूच्या हंगामात भट्टीच्या आडोशाला ऊब आणि सावली असल्यामुळे कुत्रे तिथेच झोपतात आणि महिना-दोन महिने धूर हुंगत राहतात. गोठ्यातल्या साचलेल्या मुताचा अमोनियाही तोच परिणाम करतो. घाटापलीकडे बेळगाव आणि बागलकोट भागात मेंढपाळांकडे असणारे मुधोळ हाउंड अंगाने सडपातळ, आखूड केसांचे आणि चरबी जवळजवळ नसलेले असतात. कोरड्या पठारावर काटक ठरणारी ही जात कोकणपट्टीच्या ओल्या गारठ्यात उघड्यावर ठेवली तर तिला अधिक जपावे लागते.

सर्वांत जास्त आढळतो तो ‘केनेल कफ’ या नावाने ओळखला जाणारा संसर्गजन्य खोकला. बॉर्डेटेला हा जिवाणू, पॅराइन्फ्लुएंझा आणि ॲडिनोव्हायरस हे विषाणू, शिवाय मायकोप्लाझ्मा, असे अनेक जंतू एकटे किंवा मिळून तो घडवतात. कुत्र्यांचा माजाचा काळ, एकाच भांड्यातून पाणी पिणे, शेजारच्या बागायतीतल्या कुत्र्यांशी भांडणे यांतून तो पसरतो आणि संपर्कानंतर साधारण दोन ते दहा दिवसांत दिसू लागतो. कोरडा, ठसक्यासारखा खोकला येतो आणि शेवटी ओकारी येऊन पांढरा फेस पडतो. हे पाहून घशात हाड अडकले असे मालकाला वाटते आणि तो तोंडात हात घालतो. असे करणे कटाक्षाने टाळावे. रेबीज झालेला कुत्राही घशात काही अडकल्यासारखा वागतो, त्याचा आवाज बदलतो, लाळ गळते. लसीकरणाची खात्री नसलेल्या कुत्र्याच्या तोंडात उघडा हात घालणे जिवावर बेतू शकते. असा हात घातला गेला असेल किंवा लाळ जखमेला लागली असेल, तर ती जागा साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन लगेच सरकारी आरोग्य केंद्र गाठावे.

पिल्लांमध्ये आणि लस न टोचलेल्या तरुण कुत्र्यांमध्ये डिस्टेंपरचा विचार आधी करावा लागतो. डोळ्यांतून व नाकातून पिवळा चिकट स्राव, येऊन-जाऊन राहणारा ताप, जुलाब, पुढे पंजांच्या गाद्या टणक होणे आणि अखेरीस जबड्याला किंवा पायाला झटके, असा त्याचा क्रम असतो. या विषाणूवर थेट औषध नाही. त्याने प्रतिकारशक्ती मोडून पडते आणि मग जिवाणू फुप्फुसात शिरतात. उपचार असतो तो या दुसऱ्या संसर्गावर आणि कुत्र्याची ताकद टिकवण्यावर.

तिसरे कारण माणसाच्या हातून घडते. आजारी कुत्र्याचे डोके वर करून, जबडा उघडून बाटलीने किंवा बांबूच्या नळीने तेल, हळदीचे दूध अथवा काढा ओतण्याची पद्धत गुरांना औषध पाजण्यावरून कुत्र्याकडे आली आहे. गिळण्याच्या मनःस्थितीत नसलेल्या कुत्र्याच्या घशात ओतलेला पातळ पदार्थ अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत जातो. तेल तर विशेष घातक. ते खोकला चाळवत नाही, गुपचूप खाली उतरते आणि फुप्फुसातून सहजी बाहेर पडत नाही. साध्या खोकल्याचा कुत्रा या उपचारानंतर दोन दिवसांत न्यूमोनियाने आडवा होतो आणि दोष मूळ आजाराला दिला जातो. गुंगीत असताना झालेली उलटी आणि लुळेपणामुळे गिळता न येणे यांतूनही असाच न्यूमोनिया होतो.

रानात हिंडणाऱ्या कुत्र्यांच्या वाट्याला येणारे आणखी एक कारण म्हणजे कुसळ. पावसाळा सरला की सड्यांवरची कुसळी वाळते. तिच्या बियांना एका बाजूने टोक आणि मागे वळलेले बारीक केस असल्याने ती पुढेच सरकते, मागे येत नाही. धावताना उघड्या तोंडातून श्वासाबरोबर आत गेलेले किंवा कातडीतून घुसलेले असे कुसळ आठवड्यांनंतर फुप्फुसाजवळ पोहोचून गळू करते आणि छातीच्या पोकळीत पू साठतो. रानडुकराच्या सुळ्याची वरून लहान दिसणारी, बरगड्यांमधून आत गेलेली जखमही हेच करते. वरची जखम भरून येते, कुत्रा कामाला लागतो आणि दोन-तीन आठवड्यांनी तो खंगू लागतो. अशा कुत्र्याविषयी पशुवैद्यकाशी बोलताना जुनी जखम सांगायची राहून जाते, आणि निदानाचा धागाच तुटतो.

न्यूमोनियासारखे दिसणारे इतर धोके

श्वास लागलेला प्रत्येक कुत्रा छातीच्या संसर्गाचा नसतो. शेतीच्या परिसरात पहिला संशय विषबाधेचा घ्यावा. ऑर्गॅनोफॉस्फेट गटातील कीटकनाशक पोटात गेले किंवा अंगाला लागले, तर श्वासवाहिन्या स्रावाने भरतात आणि छाती घरघरते. पण त्याबरोबर भरपूर लाळ, डोळ्यांतून पाणी, जुलाब, स्नायूंची थरथर आणि टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या बाहुल्या दिसतात. यावर ॲट्रोपिनचे इंजेक्शन वेळेत मिळाले तर जीव वाचतो, प्रतिजैविकाने काहीच साधत नाही. तणनाशक पॅराक्वाटची गोष्ट वेगळी आणि अधिक दुःखद आहे. आधी उलट्या आणि तोंडात फोड, मग थोडे बरे वाटल्याचा भास, आणि काही दिवसांनी फुप्फुस कडक होत जाऊन वाढणारी धाप. त्यावर उतारा नाही, आणि प्राणवायू दिल्याने फुप्फुसाची हानी उलट वाढू शकते. म्हणून फवारणी झाली असेल तर कोणत्या औषधाची झाली, त्याचा डबा किंवा लेबल दवाखान्यात नेणे अत्यंत गरजेचे.

मण्यारीच्या दंशात सूज फारशी दिसत नाही. रात्री भुंकणारा कुत्रा सकाळी पापण्या मिटलेला, आवाज बसलेला आणि मागच्या पायांत लटका आढळतो. पुढे श्वासाचे स्नायूच थकतात. गोचिडतापात रक्त कमी झाल्याने श्वास जलद होतो, हिरड्या पांढुरक्या पडतात, कधी नाकातून रक्त येते, पण छाती स्वच्छ असते. पावसाळ्यात लेप्टोस्पायरोसिसचाही विचार करावा लागतो. उंदरांच्या मुताने दूषित झालेल्या पाण्यातून तो येतो. ताप, उलट्या आणि कावीळ यांच्याबरोबर क्वचित फुप्फुसात रक्तस्राव होऊन धाप लागते. हा आजार कुत्र्याच्या मुतातून माणसालाही होऊ शकतो, त्यामुळे अशा कुत्र्याची जागा साफ करताना हातमोजे आणि रबरी बूट घालावेत. एप्रिल-मे महिन्यांत उष्माघात, आणि उतारवयातल्या कुत्र्यात हृदयविकार, हे दोन्ही न्यूमोनियाचे सोंग घेऊन येतात.

दवाखान्यातले निदान

पशुवैद्यकाच्या दृष्टीने मालकाने दिलेली माहिती ही पहिली तपासणी असते. खोकला कधीपासून, कोरडा की ओला, घरी काय पाजले, कोणती गोळी दिली, जखम झाली होती का, लस केव्हा टोचली, झोपेतला श्वास किती, एवढे नीट सांगितले तर निम्मे काम होते. घरी दिलेली औषधे लपवण्याचा मोह टाळावा. पशुवैद्यकाला ती कळणे कुत्र्याच्या हिताचे असते.

स्टेथोस्कोपने ऐकताना न्यूमोनिया झालेल्या भागात कागद चुरगाळल्यासारखी बारीक चरचर येते. छातीच्या खालच्या भागात आवाजच येत नसेल तर तिथे द्रव साठल्याची शंका येते. रक्ततपासणीत पांढऱ्या पेशींची संख्या व प्रकार पाहिले जातात, आणि त्याच नमुन्यावरून गोचिडतापाचीही पारख होते. एक्स-रे शक्यतो तीन बाजूंनी घ्यावा, कारण कुत्रा ज्या कुशीवर असेल त्या बाजूचे फुप्फुस दबते आणि तिथला दोष चित्रात लपतो. श्वासनलिकेत काही गेल्याने झालेल्या न्यूमोनियात फुप्फुसाचे पुढचे व खालचे भाग, विशेषतः उजव्या बाजूचा मधला भाग, पांढरा दिसतो. आजाराच्या पहिल्या दिवशी एक्स-रे जवळजवळ स्वच्छ असू शकतो, म्हणून लक्षणे वाढत असतील तर तो पुन्हा काढावा लागतो. रक्तातील प्राणवायूचे प्रमाण जिभेला किंवा ओठाला उपकरण लावून मोजतात; ते ९४ टक्क्यांच्या खाली असेल तर प्राणवायू द्यावा लागतो. माणसाच्या बोटाला लावायचे घरगुती ऑक्सिमीटर कुत्र्याच्या पंजावर विश्वसनीय आकडा दाखवत नाही.

पोकळीत द्रव असेल तर बरगड्यांमधून सुई घालून तो काढणे हे निदान आणि उपचार दोन्ही असते. दुर्गंधीयुक्त पू निघाला की प्रश्न मिटतो. न्यूमोनियात श्वासनलिकेतून स्राव घेऊन त्यातील जंतूंची वाढ करून पाहणे आणि कोणते प्रतिजैविक लागू पडते हे तपासणे ही आदर्श पद्धत. हा नमुना प्रतिजैविक सुरू होण्याआधी घेतला तर अधिक उपयोगी पडतो.

एक्स-रेची किंवा प्राणवायूची सोय प्रत्येक दवाखान्यात असेलच असे नाही. तिथे पशुवैद्यक ताप, श्वास आणि छातीचे आवाज यांवरून उपचार सुरू करतो आणि दोन-तीन दिवसांनी पुन्हा तपासतो. हा मार्ग वावगा नाही. पण त्यात दुसऱ्या तपासणीला जाणे बंधनकारक असते आणि नेमके तेच टाळले जाते. कुत्रा उठून बसला की मालक परत फिरकत नाही, आणि उठला नाही तर गेला असे मानतो.

दवाखान्यापर्यंतचा प्रवासही जपून करावा. श्वास लागलेल्या कुत्र्याला दुचाकीवर दोघांच्या मध्ये दाबून नेल्यास छाती फुलायला जागा राहत नाही. त्याचे तोंड बांधू नये, त्याला कुशीवर निजवू नये, गोणपाटात गुंडाळू नये. खिडक्या उघड्या ठेवून, त्याला हवे त्या पद्धतीने बसू देऊन, शक्य तर उन्हाआधी न्यावे.

उपचार

घसा आणि श्वासनलिकेपुरत्या खोकल्यात, कुत्रा खातो-पितो आहे, ताप नाही आणि विश्रांतीतला श्वास नेहमीसारखा आहे, तर बहुधा प्रतिजैविकाची गरज नसते. विश्रांती, कोरडी जागा आणि दोन आठवडे इतर कुत्र्यांपासून वेगळे ठेवणे एवढ्यावर तो बरा होतो. गळ्यातला पट्टा श्वासनलिकेवर दाब देऊन खोकला चाळवतो, म्हणून या काळात छातीभोवतीचा पट्टा वापरावा. ताप, मलूलपणा, अन्नावरची वासना जाणे यांबरोबर नाकातून पिवळा स्राव असेल, तर पशुवैद्यक सामान्यतः डॉक्सिसायक्लिनने सुरुवात करतो. ही गोळी रिकाम्या पोटी कोरडी देऊ नये. अन्ननलिकेत अडकल्यास व्रण होतो.

न्यूमोनियात प्रतिजैविकाला पर्याय नाही. प्रकृती स्थिर असेल तर गोळ्या पुरतात. कुत्रा खचला असेल, खात नसेल, तर शिरेतून एकाहून अधिक प्रतिजैविके, सलाइन आणि प्राणवायू लागतो. सलाइनमुळे शरीरातील पाणी टिकते आणि फुप्फुसातला कफ पातळ राहतो. कफ बाहेर यायलाच हवा. म्हणूनच माणसाचे खोकला दाबणारे औषध न्यूमोनियाच्या कुत्र्याला देणे म्हणजे पू आत कोंडणे होय. शरीरातील पाणी काढणारी औषधे हृदयविकारात उपयोगी असली, तरी इथे कफ घट्ट करून अपाय करतात.

घरातल्या औषधांच्या डब्यातून होणारे नुकसान मोठे आहे. आयबुप्रोफेन आणि डायक्लोफेनॅक कुत्र्याच्या जठरात व्रण पाडतात आणि मूत्रपिंड निकामी करतात. पॅरासिटामॉलची माणसाच्या हिशेबाने दिलेली मात्रा यकृताला बाधते. सर्दी-खोकल्याच्या मिश्र सिरपमध्ये नाक मोकळे करणारी जी द्रव्ये असतात, ती हृदयाची गती धोकादायकरीत्या वाढवतात, आणि काही साखरविरहित औषधांतले झायलिटॉल तर थोड्या प्रमाणातही घातक ठरते. स्टेरॉइडच्या इंजेक्शनाची फसवणूक अधिक सूक्ष्म आहे. ते दिले की ताप उतरतो, कुत्रा त्या रात्री जेवतो, आणि औषध लागू पडले अशी सर्वांची खात्री होते. प्रत्यक्षात प्रतिकारशक्ती दबल्याने जंतू मोकळे सुटतात आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी कुत्रा अधिकच कोसळतो.

गुरांच्या उपचारातून उरलेले प्रतिजैविक अंदाजाने टोचणे हीदेखील एक रूढ सवय. मात्रा चुकते, औषध चुकते आणि पुढे नमुना तपासायला घेतला तरी जंतू नीट हाती लागत नाहीत. उपचार सुरू झाल्यावर दहा ते चौदा दिवसांनी पुन्हा तपासणी करून औषध थांबवायचे की चालू ठेवायचे हे ठरते. भूक तिसऱ्या दिवशी परत येते, फुप्फुस तेव्हा निवळलेले नसते. त्या दिवशी गोळ्या बंद करणाऱ्याचा कुत्रा पंधरवड्यात पुन्हा आजारी पडण्याची शक्यता मोठी असते. छातीत पू असेल तर नळी घालून तो काही दिवस उपसावा लागतो, प्रतिजैविक किमान तीन आठवडे आणि पुष्कळदा त्याहून अधिक काळ चालते. कुसळ आत राहिले असेल तर शस्त्रक्रियेवाचून गत्यंतर नसते. हा उपचार खर्चिक आहे आणि सर्वत्र उपलब्धही नाही, हे मान्य करूनच निर्णय घ्यावा लागतो.

मांगरातली शुश्रूषा

आजारी कुत्र्याला जमिनीपासून वीतभर उंच फळीवर कोरडे गोणपाट घालून, वाऱ्याचा झोत लागणार नाही पण हवा खेळती राहील अशा जागी ठेवावे. चुलीच्या किंवा भट्टीच्या बाजूला ठेवू नये. फार अशक्त कुत्रा एकाच कुशीवर पडून राहिला तर खालचे फुप्फुस भरते. दर तीन-चार तासांनी त्याला छातीवर टेकवून बसवावे किंवा कूस बदलावी. पशुवैद्यकाने सांगितल्यास नेब्युलायझरमधून केवळ सलाइनची वाफ द्यावी आणि नंतर ओंजळीसारखा पोकळ केलेला तळवा घेऊन छातीच्या दोन्ही बाजूंना मागून पुढे हलक्या थापट्या माराव्यात. दिवसातून तीन-चार वेळा, प्रत्येक वेळी काही मिनिटे पुरेत. छातीला जखम असेल किंवा बरगडी मोडली असेल तर हे करू नये. वाफेत कापूर किंवा निलगिरी घालणे आणि छातीला तसले मलम चोळणे टाळावे. कुत्रा ते चाटतो आणि कापूर त्याला विषारी असतो.

नाक चोंदल्यामुळे त्याला अन्नाचा वास येत नाही आणि वासाशिवाय कुत्रा खात नाही. कांदा, मसाला आणि काटे नसलेला माशाचा किंवा कोंबडीचा कोमट रस्सा मऊ भातात कालवून थोडा थोडा द्यावा. गोळी भाताच्या किंवा चपातीच्या गोळ्यात दडवावी. पातळ औषध देणे भागच असेल तर डोके सरळ ठेवून, सुई काढलेल्या सिरिंजने गालाच्या कोपऱ्यातून थेंबाथेंबाने, प्रत्येक घोट गिळल्याची खात्री करीत द्यावे. एका वहीत सकाळ-संध्याकाळ श्वासाची संख्या, ताप आणि खाणे लिहून ठेवले, तर पुढच्या तपासणीत पशुवैद्यकाला त्याचा एक्स-रेइतकाच उपयोग होतो. श्वास वाढत असेल, जीभ निळसर पडली, कुत्रा आडवा होत नसेल किंवा चोवीस तास पाणीही पीत नसेल, तर ठरलेल्या तारखेची वाट पाहू नये.

लस आणि कामावर परतणे

डिस्टेंपर, ॲडिनोव्हायरस, पार्व्हो, पॅराइन्फ्लुएंझा आणि लेप्टोस्पायरोसिस यांवरची एकत्रित लस पिल्लाला सहा ते आठ आठवड्यांच्या वयात सुरू करतात आणि सोळा आठवडे पूर्ण होईपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी पुन्हा टोचतात. आईच्या दुधातून मिळालेले संरक्षण सुरुवातीच्या मात्रेला निष्प्रभ करू शकते, म्हणून एकच टोचणी पुरी पडत नाही. वर्षाने पुढची मात्रा, आणि लेप्टोची दरवर्षी, शक्यतो पावसाळ्याआधी. बॉर्डेटेलाची लस वेगळी असते. रेबीजची लस या सगळ्याहून स्वतंत्र आणि अनिवार्य समजावी; राज्यात गेली कित्येक वर्षे तिची मोठी मोहीम चालू असल्याने बागायतीतले कुत्रे तिच्या कक्षेत येतात, पण त्या टोचणीने डिस्टेंपर टळत नाही हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. म्हादई आणि मोले परिसरातील जंगलालगतच्या बागायतींत या लसीला आणखी एक महत्त्व आहे. डिस्टेंपरचा विषाणू बिबटे, कोल्हे आणि रानकुत्रे यांनाही लागतो. २०१८ मध्ये गुजरातमधील गीरच्या जंगलात दगावलेल्या सिंहांमध्ये तो आढळला होता.

बरा होत असलेला कुत्रा स्वतः थांबत नाही, त्याला थांबवावे लागते. ताप उतरून श्वास पूर्ववत झाल्यावरही न्यूमोनियाच्या कुत्र्याला किमान दोन ते तीन आठवडे रात्रीच्या राखणीपासून दूर ठेवावे. आरंभी दोरीने धरून घराभोवती दहा मिनिटांची फेरी, ती खोकल्याशिवाय पार पडली की थोडी लांब, आणि मग कळपाबरोबर दिवसाची अर्धी चाल. पहिल्या रात्रीच्या राखणीनंतर दुसऱ्या दिवशी पहाटे तो झोपलेला असताना श्वास मोजावा. आकडा ३०च्या वर गेला असेल तर आणखी आठवडाभर त्याला घराशी बांधून ठेवावे आणि पशुवैद्यकाला कळवावे.